वाजणाऱ्या खुब्यापाशी

पाठीवर झोपा. खाली सतरंजी असली तर उत्तम. फार मऊ गादी नको, तिच्यात कंबर बुडते. ज्यांचा खुब्याचा सांधा बदललेला आहे, जे हल्लीच कुठे पडले आहेत किंवा ज्यांना पाय टेकताच कळ येते, त्यांनी हे नुसतं वाचावं. बाकीच्यांनी दोन्ही पाय सैल सोडावेत आणि काही श्वास काहीच करू नये. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं, याची कल्पना आहे.

आता उजवा तळहात कमरेच्या हाडावर ठेवा, जिथे पट्टा किंवा परकराची नाडी बसते तिथे. तिथून मांडीच्या बाहेरच्या अंगाने सरळ खाली या. वीतभराच्या आत एक टणक उंचवटा लागेल. टाच जमिनीवर ठेवून चवडा आतबाहेर वळवा. उंचवटा तळहाताखाली मागेपुढे सरकेल. कुशीवर झोपल्यावर गादीत रुततो तो हाच. पुष्कळ लोक यालाच खुबा म्हणतात आणि व्यवहारात ते ठीकच आहे, पण सांधा इथे नाही. तो आत आहे, जांघेच्या मागे, खोल. मांडीच्या हाडाचा गोल माथा तिथे उखळीत बसलेला असतो.

हात उंचवट्यावरच राहू द्या. त्याच्यावरून एक रुंद, चिवट पट्टा खाली गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत गेला आहे. डॉक्टर त्याला आयटी बँड म्हणतात. मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या तोंडी हे नाव हल्ली सर्रास असतं. पाय सरळ असतो तेव्हा या पट्ट्याचा जाड भाग उंचवट्याच्या मागे असतो. गुडघा पोटाशी घेताना तो उंचवट्यावरून पुढे येतो. बहुतेकांचा गुपचूप सरकतो. काहींचा अडतो, ताणला जातो आणि मग एकदम पुढे पडतो.

आता बोटं जांघेत न्या, मांडी आणि पोट मिळतात त्या घडीच्या मधोमध. नाडीचे ठोके लागले तर बोटं थोडी बाहेरच्या बाजूला घ्या. इथे हाडाच्या पुढून एक टेंडन, म्हणजे कंडरा, खाली उतरते. तिचा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि पोटाच्या मागच्या भिंतीला लागून खाली येतो. कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाचा दुसरा एक स्नायू वाटेत त्याला येऊन मिळतो. दोघं मिळून मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचं एक लहान टेंगूळ धरतात. जिना चढताना, रिक्षात पाय आत घेताना, पँट घालायला एक पाय उचलताना गुडघा वर ओढतात ते हेच. बोटांना ही कंडरा कदाचित जाणवणार नाही, ती खोल आहे. ती तिथे आहे एवढं माहीत असलं तरी पुरे.

दोन जागा झाल्या: एक तळहाताखालची, बाहेरची, एक बोटांखालची, पुढची. खुबा वाजतो तो बहुधा या दोहोंपैकी एका ठिकाणी. सांध्याच्या आतली काठाची गादी फाटल्यामुळे किंवा हाडाचा एखादा तुकडा सुटल्यामुळेही कटकट होते, पण ते प्रकरण वेगळं आणि आज त्यात शिरायचं नाही.

आवाज ऐकू या. उजवा गुडघा वाकवा, बाहेरच्या बाजूला पडू द्या, टाच डाव्या गुडघ्यापाशी येऊ द्या. आता टाच जमिनीवरून घसटत पाय हळूहळू सरळ करा आणि सरळ होताहोता चवडा किंचित आत वळवा. पुढची कंडरा वाजत असेल तर जांघेत खोल 'खट्' होतं. पुन्हा करायचं झालं तर या वेळी बोटांनी ती जागा दाबून धरा. दाबल्यावर आवाज थांबला, तर तो त्याच कंडरेचा होता असं मानायला हरकत नाही. तपासणीच्या टेबलावर डॉक्टर हेच करून बघतात. दुखलं तर मात्र तिथेच थांबा.

पुष्कळांना काहीच ऐकू येणार नाही. तसं असेल तर पुढचं सगळं दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून ऐका. घरात एखादी नाचणारी पोर असते, एखादा पळणारा भाऊ असतो.

हाडांच्या डॉक्टरांच्या जगात एक जुनं निरीक्षण आहे: पुढचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, बाहेरचा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. बाहेरचा पट्टा उंचवट्यावरून उडतो तेव्हा कपड्यावरूनही कळतं. म्हणून असे रुग्ण सांगतात, "माझा खुबा निखळतो आणि परत बसतो." सांधा तसूभरही हललेला नसतो. पण डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका असं कुणाला सांगणं सोपं नाही. एक्स-रे स्वच्छ येतो, मग घरचे म्हणतात काही झालेलं नाही, आणि त्या माणसाला आपण खोटे ठरलो असं वाटत राहतं. आपल्याकडे तर हाडं वाजली की 'वात आहे' म्हणून मोकळं व्हायची रीत आहे. तेल, शेक, आणि विषय बंद. यात एक शहाणपण होतं हेही कबूल करायला हवं: वाजणाऱ्या प्रत्येक सांध्याची कुणी तपासणी करत बसत नसे.

चुटकी वाजवा. वाजली? आता पुन्हा, पण अगदी सावकाश, आणि आवाज नेमका कुठून येतो ते बघा. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर घासतात तेव्हा आवाज नसतो. बोट अंगठ्यावरून सुटतं, खाली येतं आणि अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर आपटतं, तिथे आवाज आहे. अंगठा फक्त त्याला अडवून धरतो. जांघेतल्या कंडरेचंही असंच होतं. बरीच वर्षं समज असा होता की ती हाडाच्या एका उंचवट्यावरून घसरते म्हणून वाजते. १९५१ साली अर्जेंटिनातल्या नुन्सियाता आणि ब्लुमेनफेल्ड यांनी तसं वर्णन केलं होतं. पुढे हलत्या पायाची सोनोग्राफी करता येऊ लागली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बहुतेक वेळा कंडरा शेजारच्या स्नायूवर चढते, त्या स्नायूचा एक भाग तिच्या आणि हाडाच्या मध्ये अडकतो, पाय सरळ होताना तो एकदम बाजूला सरतो आणि कंडरा धाडकन हाडावर येऊन पडते. सगळा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो.

हे जरा मनात राहू द्या. आवाज होतो तिथे काही मोडत नाही, झिजत नाही, तुटत नाही. अडलेलं काहीतरी सुटतं, इतकंच. मग दुखतं का? वारंवार आपटल्याने कंडरेखालची पाण्याची पिशवी सुजते, कंडरा स्वतः चिडते. आणि कधी तिच्या मागेच असलेली सांध्याच्या काठाची गादीही दुखावलेली असते. दुखण्याची कारणं ही. आवाज त्यांच्याबरोबर येतो, आणि त्यांच्याशिवायही येतो.

किती जणांना येतो? पुस्तकांतून ५ ते १० टक्के लोक असा अंदाज देतात. बॅले नाचणाऱ्यांमध्ये मात्र चित्रच पालटतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वरच्या दर्जाच्या ८७ बॅले नर्तकांना विचारलं, तेव्हा ९१ टक्क्यांनी खुबा वाजतो असं सांगितलं, त्यातल्या बहुतेकांचे दोन्ही. निम्म्याहून थोड्या जास्त जणांना वाजताना दुखत होतं. उरलेले नाचत होते, पाय कानापर्यंत नेत होते, खुबे वाजत होते आणि त्यांचं काही अडत नव्हतं. एखादी गोष्ट दहातल्या नऊ जणांत सापडू लागली की तिला रोग म्हणावं का, असा प्रश्न मला तरी पडतो. आपल्याकडच्या भरतनाट्यम् किंवा लावणीच्या वर्गांत अशी मोजणी केली तर काय दिसेल, हे बघण्यासारखं आहे.

आता या मननातलं खरं काम. डोळे मिटलेले असतील तर मिटलेलेच राहू द्या. स्वतःला विचारा: मला नक्की कशाचा त्रास आहे? तीन उत्तरं संभवतात आणि ती एकमेकांत फार लवकर मिसळतात, म्हणून एकेक करून घ्या. पहिलं, आवाजाचा: लाज वाटते, योगवर्गात शेजारची वळून बघते, रात्री कूस बदलताना दचकायला होतं. दुसरं, दुखण्याचा: खट् झालं की कळ, नंतर तासभर ठणका, जिना नकोसा वाटणं. तिसरं, भीतीचा: आज वाजतंय, उद्या झिजेल, परवा सांधा बदलावा लागेल. प्रत्येक उत्तरापाशी दोन-तीन श्वास थांबा. त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा जड लागेल.

भीती जड लागली असेल तर तिच्यावर सुरी चालत नाही, चांगली तपासणी आणि चांगलं समजावून सांगणं चालतं. नुसता आवाज जड असेल तर कुठलाही विचारी शल्यविशारद हात आखडता घेईल. शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो तो दुखण्यासाठी, आणि तोही बहुतेकांना येत नाही. विश्रांती, ज्या हालचालीने वाजतं तिला काही काळ फाटा देणं, फिजिओथेरपी, ताण देण्याचे व्यायाम, सूज कमी करणारं औषध, कधी सोनोग्राफीवर बघून त्या पिशवीत दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. हे सगळं काही महिने नेटाने करून झालं आणि तरी कळ जात नाही, असे थोडे उरतात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यांच्यासाठी आहे.

खुब्यात दुर्बीण घालणं गुडघ्याइतकं सोपं कधीच नव्हतं. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मननी १९३१ साली मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली आणि मांडीच्या हाडाचा माथा व उखळी यांच्यामधून सुईसुद्धा शिरणार नाही असं मत नोंदवलं. पाय ओढून सांध्यात फट निर्माण करायचं तंत्र बसलं तेव्हा कुठे, आणखी पन्नासेक वर्षांनी, हे काम मार्गी लागलं. आज बोटाच्या पेराहून लहान अशा दोन-तीन छिद्रांतून ते होतं. पूर्वी वाजणारा पट्टा किंवा कंडरा सोडवायला जांघेत किंवा कुल्ल्याच्या बाजूला लांब चीर द्यावी लागे.

छिद्रं लहान असली तरी आत जे करतात ते लहान नसतं. 'कमीत कमी छेदाची शस्त्रक्रिया' या नावातलं 'कमीत कमी' फक्त कातडीला लागू आहे. आत काहीतरी कापलं जातंच, आणि ते कापलेलं पूर्वीसारखं जोडायचं नसतं. ते सैल पडावं हाच तर हेतू.

बाहेरच्या पट्ट्याचं बघा. मेक्सिको सिटीतले व्हिक्टर इलिझालितुरी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. उंचवट्यावरच्या पट्ट्याला आधी उभी चीर, मग तिच्या मध्यावर पुढे एक आडवी, मागे एक आडवी. चार टोकं मोकळी होतात, ती छाटून टाकायची. उरतं ते शंकरपाळ्याच्या आकाराचं एक भोक. आता पट्टा मागेपुढे जाताना उंचवटा त्या भोकात असतो, अडायला काही उरत नाही. मला ही कल्पना मोठी देखणी वाटते. ताणलेली गोष्ट लांब करण्याऐवजी अडणारी जागाच काढून टाकली. त्यांनी १० रुग्णांच्या ११ खुब्यांवर हे केलं आणि सुमारे दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. सगळ्यांचं दुखणं गेलं. एका खुब्यात आवाज उरला, कळ नसलेला.

त्या एकापाशी थांबा. तुम्ही त्या जागी असता तर? शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, कुबड्या सुटल्या. जिना चढता, पळता, कुशीवर झोपता. आणि अधूनमधून खुब्याशी तोच जुना ठोका. यशाच्या रकान्यात नाव घालाल की अपयशाच्या? मघाशी ज्यांना दुखणं जड लागलं ते लगेच उत्तर देतील. ज्यांना आवाज जड लागला त्यांना थोडा वेळ लागेल.

पुढच्या कंडरेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण ती नुसता पट्टा नाही, पाय उचलणाऱ्या स्नायूचं टोक आहे. ती तीन ठिकाणी कापता येते: वर सांध्याच्या काठापाशी, मध्ये सांध्याच्या आवरणातून, किंवा अगदी खाली, जिथे ती हाडाला चिकटते तिथे. जसजसं खाली यावं तसतसा कंडरेचा वाटा वाढतो आणि मांसाचा कमी होतो. वरच्या जागी तिथल्या जाडीत सुमारे ४० टक्के कंडरा आणि ६० टक्के मांस असतं. खालच्या जागी प्रमाण उलट. म्हणून वर कंडरा कापली तरी मांसाचा मोठा भाग अखंड राहतो आणि सगळी जोडणी थोडी लांब होते, इतकंच. इलिझालितुरींनीच २००९ साली १९ रुग्णांत चिठ्ठी टाकून वाटणी केली, काहींची खाली कापली, काहींची मध्ये. निकालात फरक दिसला नाही. अर्थात १९ म्हणजे एस.टी.च्या अर्ध्या गाडीइतकीही माणसं नव्हेत, हे ध्यानात ठेवायचं.

निकालांचे आकडे ऐकताना श्वास जरा लांब घ्या. आकडे ऐकले की मन एकदम पुढे पळतं.

२०१३ साली एका आढाव्यात या कंडरेच्या शस्त्रक्रियांचे तोवर प्रसिद्ध झालेले अभ्यास एकत्र मांडले गेले. उघड्या शस्त्रक्रियेनंतर ७७ टक्क्यांचा आवाज गेला होता, दुर्बिणीनंतर १०० टक्क्यांचा. गुंतागुंती उघड्या पद्धतीत २१ टक्के, दुर्बिणीत २.३ टक्के. एवढं वाचून कुणीही दुर्बिणीकडे वळेल. पुढच्याच वर्षी शिकागोजवळच्या एका गटाने आपल्या ५५ रुग्णांचा किमान दोन वर्षांनंतरचा हिशोब दिला. त्यातल्या ४५ जणांचं दुखरं वाजणं गेलं होतं. म्हणजे ८२ टक्के. १० जणांचं राहिलं.

शंभर आणि ब्याऐंशी. कुणी खोटं बोललं का? मला तसं वाटत नाही. आढाव्यातले अभ्यास छोटे होते, हातावर मोजण्याइतक्या निष्णात लोकांनी केलेले. ज्यांना ही पद्धत सुचली तेच निकालही मोजत होते. नवी पद्धत निघते तेव्हा पहिले रुग्ण निवडून घेतलेले असतात. मग ती रुळते, संख्या वाढते, तऱ्हेतऱ्हेचे खुबे टेबलावर येतात आणि आकडा खाली उतरतो. वैद्यकात हे इतक्या वेळा घडलं आहे की पहिल्या शंभर टक्क्यांना नमस्कार करून दुसऱ्या आकड्याची वाट बघावी. शिवाय अनेकांच्या सांध्यातली फाटलेली गादीही त्याच वेळी दुरुस्त केलेली असते. बरं वाटलं ते कंडरा सैल झाल्याने, की गादी शिवल्याने, की त्यानंतर तीन महिने शिस्तीत व्यायाम केल्याने, हे वेगळं काढणं कठीण.

एक कारण तर शरीररचनेतच आहे. आपण 'कंडरा' असं एकवचनात बोलतो. २०१४ साली ५३ मृतदेहांच्या खुब्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात जेमतेम २८ टक्क्यांत ती एकच होती. ६४ टक्क्यांत दोन, उरलेल्यांत तीन. दुर्बिणीतून एक दिसली, कापली, आणि मागची दुसरी राहून गेली तर आवाज राहणारच.

आता पाय जरा हलवा, आखडले असतील. उजवा गुडघा पोटाकडे उचला, टाच अधांतरी ठेवा आणि तसाच धरून ठेवा. मोजू नका. जांघेत काय होतं ते बघा: आधी सहज, मग थरथर, मग मांडी पुढे येऊन मदत करू लागते. पुरे, पाय खाली.

जे थकलं तेच आपण सैल करायचं म्हणत आहोत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही कंडरा कापलेल्या रुग्णांचं बसून पाय उचलण्याचं बळ मोजलं, आणि एमआरआय काढून स्नायूचा आकारही. बळ १९ टक्क्यांनी कमी भरलं, स्नायू २५ टक्क्यांनी आटलेला. नोकरी, बाजारहाट, संध्याकाळचं फिरणं यांत एवढी घट बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. पहिल्या काही आठवड्यांत मात्र येते: गाडीत बसताना स्वतःचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवावा लागतो, तेव्हा चांगलीच येते. पण जिची सगळी कला पाय अधांतरी धरून ठेवण्यात आहे, तिच्यासाठी हे १९ टक्के म्हणजे काय? आणि गंमत अशी की हा आवाज सगळ्यात जास्त तिच्याच खुब्यात.

त्याहून एक गंभीर बाब. ही कंडरा सांध्याच्या पुढून जाते आणि जाता जाता त्याला थोडं टेकून धरते. ज्यांची उखळी मुळात उथळ आहे, ज्यांचे सांधे सैल आहेत, त्यांचा सांधा ती कापल्यावर पुढे डळमळू शकतो. शस्त्रक्रियेनंतर खुबा खरोखरच निखळल्याच्याही नोंदी आहेत. मांडीचं हाड स्वतःभोवती जास्त पिळलेलं असेल, साधारण २५ अंशांहून अधिक, तर निकाल उणे येतात असं २०१२ साली दिसून आलं. म्हणून जाणती मंडळी आता आधी हाडाची ठेवण मोजतात, आणि पूर्वी सरळ कापली असती अशा पुष्कळ कंडरा आज तशाच सोडून देतात. दुर्बिणीने काम करताना सांध्यात सोडलेलं पाणी पोटात शिरणं हा विरळा पण जिवावर बेतू शकणारा प्रकार; २५,६४८ शस्त्रक्रियांच्या एका पाहणीत तो ४० वेळा घडल्याचं आढळलं, आणि ही कंडरा कापणं हे त्याच्या जोखमींपैकी एक निघालं.

इतका वेळ 'निकाल चांगला' असं आपण म्हणत आलो. तो मोजतात कसा? बहुधा बॉस्टनच्या विल्यम हॅरिस यांनी १९६९ साली बनवलेल्या एका गुणपत्रिकेने, किंवा तिच्या सुधारित आवृत्तीने. एकूण १०० गुण. वेदनेला ४४, कामकाजाला ४७, उरलेले सांध्याच्या हालचालीला आणि वाकडेपणाला. दुर्बीणवाल्यांनी शेवटचे नऊ गुण काढले आणि राहिलेल्या ९१ ला १.१ ने गुणून पुन्हा शंभर केले. ही पत्रिका मुळात अपघाताने बिघडलेल्या खुब्यांसाठी होती. तिच्यात आवाजाला एकही गुण नाही. लंगडता का, काठी लागते का, किती चालता, जिना कसा चढता, बूटमोजे घालता येतात का, बस-रेल्वेत चढता येतं का, आणि साध्या खुर्चीवर तासभर बसता येतं का.

खुर्चीवर.

मांडी घालून बसता येतं का, हे तिच्यात नाही. उकिडवं बसता येतं का, नाही. पंगतीत जेवायला बसून हात न टेकता उठणं, पाटावर बसून सत्यनारायण, शेतात निंदणी, गावाकडचा संडास, सूर्यनमस्कारात मागचा पाय दोन हातांच्या मध्ये आणणं: यांतल्या कशालाच तिच्यात जागा नाही. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या बाईला या पत्रिकेत ९५ गुण पडतील आणि तिला भाकऱ्या थापायला खाली बसता येत नसेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हॅरिस यांचा यात दोष नाही. त्यांनी आपल्या दाराशी आलेल्या माणसांना विचारण्यासारखं ते विचारलं.

चीनमध्ये वेगळं विचारतात. लहानपणी कुल्ल्यात वारंवार दिलेल्या इंजेक्शनांमुळे तिथल्या पुष्कळ मुलांचे कुल्ल्याचे स्नायू घट्ट, दोरखंडासारखे झाले. बाहेरचा पट्टा वाजणं हे त्याचं एक लक्षण, आणि दुसरं अगदी ठळक: ही मुलं गुडघे जुळवून उकिडवी बसू शकत नाहीत, बसताना गुडघे बेडकासारखे फाकतात. तिथेही दुर्बिणीने ते घट्ट पट्टे सोडवतात. आणि निकाल बघताना विचारतात: गुडघे जुळवून खाली बसता आलं का? पायावर पाय टाकता आला का? उकिडवं बसणाऱ्या लोकांनी उकिडव्या बसण्याला गुण ठेवले. आपल्याकडे दुर्बिणीची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत सहज होते, पण गुणपत्रिका बहुधा बॉस्टनचीच असते.

आणखी एक गोष्ट पचायला जड आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला मोझली यांनी गुडघेदुखीच्या १८० रुग्णांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीने खरोखर सफाई केली, काहींना नुसते वरवर छेद दिले. दोन वर्षांनी सगळ्याच गटांना सारखंच बरं वाटत होतं. तो गुडघा होता, झिजलेला होता. वाजणाऱ्या खुब्यात यांत्रिक अडथळा खरोखर असतो, तो सुटलेला डोळ्यांना दिसतो, तेव्हा तोच निष्कर्ष इथे चिकटवता येणार नाही. पण 'ऑपरेशननंतर बरं वाटलं' या वाक्यात ऑपरेशनखेरीज आणखी काय काय असतं याची आठवण ठेवायला तो पुरेसा आहे.

कुशीवर वळा, हात टेकून सावकाश उठून बसा. कसंही बसा, खुर्चीवर, भिंतीला टेकून, मांडी घालून. एक कागद घ्या. शस्त्रक्रियेचा विचार चाललेला असेल तर तुमची स्वतःची गुणपत्रिका त्याच्यावर करा. दिवसभरात जे करताना खुबा आठवतो ते लिहा: स्कूटरवर टांग टाकणं, नातवाला घेऊन खालून उठणं, भरतनाट्यम् करताना, पोहताना, नमाजाला बसताना, एसटीची उंच पायरी. प्रत्येकापुढे आजचे गुण द्या. आवाजाला वेगळी ओळ ठेवा, दुखण्याला वेगळी. त्या एकत्र करू नका, कितीही मोह झाला तरी. व्यायामाचे महिने संपले की पुन्हा गुण द्या. पुष्कळ कागद इथेच मिटतात.

नाही मिटला तर तो घेऊनच डॉक्टरांकडे जा. विचारायचं ते साधं आहे. वाजतंय ते बाहेरचं की पुढचं, आणि ते कशावरून ठरवलं? सोनोग्राफी पाय हलवून केली का? माझी उखळी उथळ आहे का, हाडाचा पीळ किती? कंडरा कुठे कापणार, आणि दुसरी आहे का ते बघणार का? तुम्ही असे किती खुबे केले, आणि त्यांतली किती माणसं आता खाली बसतात? हे शेवटचं विचारताना संकोच वाटेल. विचारा तरीही. उत्तरादाखल एखाद्या खेळाडूची गोष्ट सांगितली तर ती ऐकून घ्या आणि आकडा पुन्हा विचारा. आकडा लहान निघाला म्हणून बिचकू नका. मेक्सिकोचा अकराच होता, पण त्यांनी अकरावाही लिहून ठेवला होता, आवाजासकट.